चित्रांच्या रस्त्यावरचा जकातनाका



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलायला सांगितले तेव्हा मी एखाद्या संपाचा किंवा कामगार कायद्याचा इतिहास सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. तो विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे खरा. परंतु आज मी एका निराळ्याच वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ही वस्तू डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि तरीही आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात ती आहे. इंटरनेटवरून हलती चित्रे पाठवण्यासाठी ती दाबून लहान करण्याची जी रीत असते, ती ही वस्तू. इंग्रजीत तिला व्हिडिओ कॉम्प्रेशन म्हणतात. आपण तिला चित्रांचे संकोचन म्हणू. अशा रीती पुष्कळ झाल्या. त्यांतली एव्ही-१ नावाची एक २०१८ साली जगापुढे आली. ती कशी जन्मली, कोणी जन्माला घातली आणि का, हा आजचा विषय.

मी या शास्त्राचा पदवीधर नाही. किंबहुना कोणत्याच शास्त्राचा नाही. जे वाचले ते रात्री, आणि जे समजले ते विचारून विचारून. तथापि या इतिहासात शास्त्राइतकाच कराराचा, वाटाघाटींचा आणि संघटनेचा भाग आहे, आणि त्या विषयात माझी उमर गेली आहे. म्हणून हे धाडस.

प्रथम थोडा हिशोब मांडू. पडद्यावरचे चित्र म्हणजे रंगीत बिंदूंची रांगोळी. आजच्या साध्या चांगल्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० बिंदू असतात. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूचा रंग सांगायला तीन बाइट लागतात, आणि चित्र हलते दिसावे म्हणून सेकंदाला अशी २५ चित्रे दाखवावी लागतात. गुणाकार केला तर सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात. एका तासाच्या चित्रपटाला सुमारे ५६० गिगाबाइट! एवढा माल आपल्या तारेतून अगर हवेतून जाणे शक्य नाही. प्रत्यक्षात आपल्या घरी जे येते ते या मालाच्या अडीचशेव्या हिश्शाच्या आसपास असते, आणि तरीही डोळ्यांना फसवणूक जाणवत नाही. उरलेले दोनशे एकोणपन्नास हिस्से कोठे गेले? ते कसे टाकून द्यावे, याचे शास्त्र म्हणजे संकोचन.

त्याची मूळ तत्त्वे तीन आहेत आणि ती समजायला अवघड नाहीत. पहिले तत्त्व असे की, एकाच चित्रात शेजारचे बिंदू बहुधा सारखे असतात. घराच्या भिंतीचे वर्णन करताना आपण प्रत्येक विटेचा रंग सांगत नाही. भिंत फिकट पिवळी आहे, खाली थोडी काळवंडली आहे, असे म्हणतो. दुसरे तत्त्व असे की, लागोपाठच्या दोन चित्रांत फरक थोडा असतो. भिंतीपुढून एक माणूस चालत गेला तर भिंत तीच राहते. तेव्हा ‘हा चौकोन तीन बिंदू डावीकडे सरकवा’ एवढेच कळवले की काम भागते. तिसरे तत्त्व छापखान्यातल्या जुळाऱ्याला ठाऊक असते. टाइपाच्या केसमध्ये जे अक्षर वारंवार लागते त्याचे घर मोठे आणि हाताशी, क्वचित लागते ते दूर कोपऱ्यात. तसेच येथे जी खूण वारंवार येते तिला आखूड संकेत द्यायचा, विरळा येते तिला लांब. आजवर झालेल्या जवळजवळ सर्व व्यवहारोपयोगी रीती या तीन खांबांवर उभ्या आहेत.

यांतल्या पहिल्या खांबाची हकीकत सांगण्याजोगी आहे, कारण तिचा नायक बेंगळूरचा. नासिर अहमद हे अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या विद्यापीठात शिकवत होते. चित्रातील चौकोनाचे गणिती रूपांतर करून त्यातला बहुतेक आशय मोजक्या आकड्यांत गोळा करावा आणि बाकीचे आकडे शून्यवत म्हणून सोडून द्यावे, अशी कल्पना त्यांना सुचली. १९७२ साली त्यांनी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे त्यासाठी अनुदान मागितले. परीक्षकांना कल्पना फार साधी वाटली आणि अर्ज नामंजूर झाला. अहमद यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की, कल्पनेवर विश्वास इतका होता की, १९७३ चा उन्हाळा त्यांनी त्या कमाईवाचून काढायचे ठरवले आणि घरी पत्नीला तसे सांगितले. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे त्या रूपांतराचे नाव. त्यानंतर पन्नास वर्षांत जगाने पडद्यावर पाहिलेल्या छायाचित्रांपैकी आणि चलच्चित्रांपैकी बहुसंख्य या रूपांतरातून गेली आहेत. बिनपगारी उन्हाळ्याची ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

आता प्रमाणाचा प्रश्न. दाबणारा एका टोकाला आणि उलगडणारा दुसऱ्या टोकाला. दोघांची रीत एक नसेल तर पलीकडे नुसता कचरा निघतो. मिरज स्टेशनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ येऊन भिडत. जेथे माप बदले तेथे माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. हमालाची पाठ आणि व्यापाऱ्याचा वेळ दोन्ही खर्ची पडत. म्हणून सर्वांनी एक माप धरावे हे शहाणपणाचे. चित्रांच्या बाबतीतही हे शहाणपण लवकर सुचले. १९८८ साली दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत एच-२६१ हे प्रमाण तयार झाले. त्याच वर्षी इटलीचे लिओनार्दो कियारिलिओने आणि जपानचे हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने एमपेग हा तज्ज्ञांचा गट निघाला. या दोन घराण्यांतून, कधी स्वतंत्रपणे तर कधी मिळून, एकामागून एक प्रमाणे बाहेर पडली. १९९० नंतरच्या दशकातले एमपेग-२ डीव्हीडीच्या तबकड्यांतून आणि उपग्रहावरच्या दूरचित्रवाणीतून घरोघर गेले. २००३ चे एच-२६४ तर इतके पसरले की, मोबाईल फोन आणि एच-२६४ ही जोडीच झाली.

परंतु माप एक झाले म्हणजे ते मापाच्या मालकाला बळ देते, ही गोष्ट विसरता येत नाही. या प्रमाणांत शेकडो युक्त्या असत आणि त्यांवर अनेक कंपन्यांची पेटंटे असत. प्रमाण ठरवणाऱ्या गटाचा नियम एवढाच होता की, पेटंटवाल्याने ‘वाजवी आणि भेदभावरहित’ अटींवर परवानगी द्यावी. वाजवी म्हणजे किती, हे गट सांगत नसे. मजुरीच्या करारात ‘योग्य वेतन’ असा शब्द घालून आकडा कोरा ठेवला तर काय होते, हे आमच्यातल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा! आकडा भरण्याचे काम पेटंटांच्या सामाईक निधी चालवणाऱ्या खाजगी कंपन्यांकडे गेले. त्यांतली मोठी एमपेग-एलए. नावात एमपेग असले तरी ती त्या तज्ज्ञ-गटाची शाखा नव्हती. तथापि न्यायाने सांगायचे तर त्या व्यवस्थेत एक सोय होती. एकाच खिडकीवर, आधी जाहीर केलेल्या दराने, वर्षाच्या कमाल मर्यादेसह पैसे भरले की बरेचसे काम भागत असे. जकात होती, परंतु नाका एक होता आणि दरपत्रक भिंतीवर लावलेले होते.

जुन्या कारखानदारीला, म्हणजे दूरचित्रवाणी संच आणि तबकड्यांचे यंत्र करणाऱ्यांना, ही व्यवस्था मानवली. नग मोजायचे, नगामागे पैसे द्यायचे. इंटरनेटची गोष्ट निराळी निघाली. तेथे मुक्त सॉफ्टवेअर नावाचा एक पंथ आहे. त्याचा नियम असा की, प्रोग्रॅम कोणीही घ्यावा, बदलावा, शेजाऱ्याला द्यावा. ज्याच्या प्रती किती झाल्या हे कर्त्यालाच ठाऊक नाही, त्याच्यावर नगामागे जकात बसवायची कशी? फायरफॉक्स हा ब्राउझर करणाऱ्या मोझिला संस्थेपुढे हा प्रश्न उभा राहिला. विकिपीडियाने केवळ मुक्त रीतीच वापरायच्या असे धोरण ठेवले. २०१४ साली एच-२६४ ची एमपी-४ चित्रे घ्यावी काय, यावर तेथील कार्यकर्त्यांत खुली चर्चा झाली आणि कौल विरुद्ध गेला. मराठी विकिपीडियावरच्या लेखांत जी हलती चित्रे दिसतात ती याच सामाईक भांडारातून येतात. तेव्हा हा वाद आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेला होता, आपल्याला तो ऐकू आला नाही एवढेच.

या पंथातली एक छोटी संस्था म्हणजे झिफ. ख्रिस्तोफर माँटगोमेरी यांनी तिचा पाया घातला. ऑन-२ नावाच्या कंपनीने २००१ साली आपली व्हीपी-३ ही जुनी रीत पेटंटाचा हक्क सोडून खुली केली. झिफच्या मंडळींनी ती घेतली, घासूनपुसून थिओरा या नावाने उभी केली. पहिली पूर्ण आवृत्ती निघायला २००८ चा नोव्हेंबर उजाडला. वेबपानांच्या नव्या प्रमाणाच्या मसुद्यात एके काळी थिओराची शिफारस होती. परंतु नोकिया आणि ॲपल यांच्या आक्षेपानंतर २००७ च्या डिसेंबरात ती काढली गेली, आणि २००९ साली संपादकांनी जाहीर केले की, कोणत्याच रीतीवर एकमत होत नसल्यामुळे प्रमाणात कोणाचेच नाव राहणार नाही. गुणवत्तेतही थिओरा एच-२६४ च्या मागे होती, हे लपवण्यात अर्थ नाही. केवळ मुक्त आहे म्हणून वाईट माल कोणी किती दिवस घेईल?

२०१० च्या फेब्रुवारीत गूगलने ऑन-२ कंपनीच विकत घेतली आणि मे महिन्यात तिची व्हीपी-८ ही नवी रीत विनामूल्य खुली केली. गरिबाच्या बाजूने सावकार उभा राहावा तसे झाले. परंतु २०११ च्या फेब्रुवारीत एमपेग-एलएने जाहीर आवाहन केले की, व्हीपी-८ मध्ये ज्यांच्या पेटंटांचा वापर झाला असेल त्यांनी पुढे यावे. खटला नाही, निकाल नाही. परंतु संशयाचे सावट पडले, आणि ज्याच्यावर संशय आहे तो माल कारखानदार उचलत नाही. २०१३ च्या मार्चमध्ये गूगलने अकरा पेटंटधारकांशी तडजोड करून तो प्रश्न मिटवला. तोपर्यंत दोन वर्षे गेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिस्को कंपनीने एच-२६४ चा प्रोग्रॅम आपल्या खर्चाने जकात भरून सर्वांना देऊ केला आणि मोझिलाने तो स्वीकारला. लढणाऱ्याने माघार घेतली. आपण अशा माघारी पाहिल्या आहेत. घरात पीठ संपले की तत्त्वाचा कणखर माणूससुद्धा कामावर जातो. त्याला दोष देऊ नये.

येथे ही कथा संपायची. पण मालकपक्षाचा लोभ आडवा आला. २०१३ साली एच-२६४ चा वारस एचईव्हीसी तयार झाला. गुणाने तो उत्तम होता. निम्म्या मालात तेवढेच चित्र, असा त्याचा दावा होता. परंतु आता नाका एक राहिला नाही. २०१४ साली एमपेग-एलएने आपला दर सांगितला. २०१५ च्या मार्चमध्ये एचईव्हीसी ॲडव्हान्स हा दुसरा निधी निघाला. २०१७ साली व्हेलॉस मीडिया हा तिसरा. काही पेटंटधारक तर कोणत्याच निधीत नव्हते. त्यांच्याशी ज्याने त्याने वेगळे बोलावे. दुसऱ्या निधीने २०१५ च्या जुलैत जे दर सांगितले त्यांत यंत्रांवरच्या जकातीशिवाय चित्रे दाखवून होणाऱ्या उत्पन्नाचा अर्धा टक्का मागितला होता, आणि त्याला कमाल मर्यादा नव्हती. गाडीवर जकात असते हे सर्वांना मान्य होते. आता गाडीतल्या मालाच्या विक्रीतही हिस्सा मागितला गेला. पुढे डिसेंबरात हे दर खाली आले आणि २०१८ साली इंटरनेटवरच्या चित्रांवरची मागणी सोडून दिली गेली. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

१ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे ते दर जाहीर झाल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, सात कंपन्यांनी ‘अलायन्स फॉर ओपन मीडिया’ नावाची आघाडी जाहीर केली. ॲमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स. ही नावे नीट ऐका. यांतले बहुतेक एकमेकांचे हाडवैरी. नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन एकाच गिऱ्हाइकामागे धावतात. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांचे भांडण सर्वश्रुत. ते एका टेबलाशी बसले ते प्रेमाने नव्हे. मुंबईत गिरणीमालकांचा संघ १८७५ साली निघाला आणि कामगारांची संघटना त्याच्यामागून आली, हे आपण जाणतोच. मालकांना संघटनेचे महत्त्व आपल्याआधी कळते. येथेही कळले. फरक एवढाच की, आमच्या अनुभवातले मालक एकत्र येतात ते मजुरी खाली ओढायला. येथे ते एकत्र आले ते दुसऱ्या मालकांची जकात बुडवायला. आणि त्यातून सामान्य माणसाच्या पदरात काहीतरी पडले. इतिहासात असेही घडते.

आता कामाकडे वळू. त्या वेळी तीन ठिकाणी तीन रीती घडत होत्या. गूगलची व्हीपी-१०, सिस्कोची थॉर, आणि झिफ व मोझिला यांच्या मंडळींची डाला. तिघांनी आपापली पोर एकाच मांडवात आणायची असे ठरले. याला एक चांगला पायंडा होता. २०१२ साली ध्वनीसाठी ओपस ही मुक्त रीत प्रसिद्ध झाली होती. तिच्यात झिफची एक रीत आणि स्काइपची एक रीत यांची सांगड घातलेली होती. स्पर्धकांच्या दोन अर्ध्यांतून एक चांगले पूर्ण होते, हे त्यातून सिद्ध झाले होते.

गूगलच्या रीतीचा सांगाडा पाया म्हणून धरला गेला. त्यावर प्रत्येकाने आपली युक्ती प्रयोग म्हणून जोडायची. सर्वांसमोर तिची चाचणी व्हायची. किती माल वाचतो आणि त्यासाठी यंत्राला किती राबावे लागते, दोन्ही मोजायचे. आणि मग वकिलांनी ती पेटंटांच्या दृष्टीने तपासायची. तंत्रात उत्तम पण कायद्यात संशयास्पद अशा युक्तीला दार बंद. संकोचनाच्या इतिहासात वकिलाला आरंभापासून कारागिराच्या शेजारी इतक्या पद्धतशीरपणे बसवण्याचा हा मोठा प्रयोग होता.

डालाच्या मंडळींची गोष्ट मला विशेष वाटते. शेजारच्या चौकोनांच्या कडा एकमेकांवर चढवून सांधा बुजवायचा, ही त्यांची मूळ कल्पना होती, आणि तिच्यावर त्यांनी वर्षे घालवली होती. ती नव्या सांगाड्यात बसेना. ती सोडून द्यावी लागली. परंतु तिच्या आजूबाजूला त्यांनी जे घडवले होते ते टिकले. वारंवारतेनुसार संकेत देण्याची त्यांची रीत एव्ही-१ ने घेतली. उजेडाच्या चढउतारावरून रंगाचा अंदाज बांधण्याची युक्ती घेतली. आणि एक तिसरी. जोराने दाबलेल्या चित्रात वस्तूंच्या कडेभोवती पुसट लहरी उमटतात. डालाकडे अशी चाळणी होती की, ती आधी कडेची दिशा शोधी आणि मग त्या दिशेने चित्र पुसून साफ करी. थॉरकडे दुसऱ्या प्रकारची, जपून पुसणारी चाळणी होती. दोन्ही मिळून एक केली. तिच्या एकाच नावात दोन्ही घरांचे काम आहे. नेटफ्लिक्सच्या बाजूने आलेली एक युक्ती तर गंमतीची आहे. जुन्या चित्रपटांत फिल्मची दाणेदार खरखर असते. ती जशीच्या तशी पाठवणे फार महाग पडते. म्हणून खरखर आधी काढून घ्यायची, तिचे वर्णन फक्त पाठवायचे, आणि पलीकडच्या टोकाला तशीच खरखर नव्याने निर्माण करायची. प्रेक्षकाला जुनाच चित्रपट दिसतो.

अर्थात काम ठरल्या मुदतीत झाले नाही. एव्ही-१ चा तपशील जाहीर व्हायला २८ मार्च २०१८ उजाडला. ठरवल्यापेक्षा वर्षभर उशीर. मधल्या काळात आर्म, एएमडी, एनव्हिडिया हे यंत्रांचे मेंदू घडवणारे आत आले, आणि २०१८ च्या आरंभी ॲपलही सभासद झाले. त्याच जानेवारीत एमपेगचे जनक कियारिलिओने यांनी एक लेख लिहून कबूल केले की, एमपेगच्या धंद्याची जुनी घडी आता मोडली आहे. ज्याने घर बांधले त्यानेच भिंतीला तडा गेल्याचे सांगावे, यात त्या माणसाचा मोठेपणा आहे.

परंतु कागदावर रीत झाली म्हणजे ती चालू लागत नाही. पहिल्यावहिल्या प्रोग्रॅमने एव्ही-१ चे चित्र दाबायला इतका वेळ लागे की, लोक हसत. उलगडण्याचे काम तर प्रत्येक प्रेक्षकाच्या फोनवर व्हायचे. येथे पुन्हा छोटी माणसे धावून आली. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून वाढलेली व्हिडिओलॅन ही संस्था, जिचा व्हीएलसी प्रोग्रॅम आपल्यापैकी अनेकांनी वापरला असेल, तिच्या कारागिरांनी आघाडीच्या आर्थिक साहाय्याने २०१८ च्या अखेरीस डेव्हिड नावाचा उलगडक काढला. त्यातला पुष्कळ भाग त्यांनी यंत्राच्या मूळ भाषेत, ओळीमागून ओळ, हाताने लिहिला. त्यामुळे खास चकती नसलेल्या साध्या फोनवरही एव्ही-१ चालू शकले. दाबण्याच्या बाजूने इंटेल आणि नेटफ्लिक्स यांनी मिळून २०१९ साली जलद प्रोग्रॅम पुढे आणला. २०२० च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने अँड्रॉइड फोनवर आणि २०२१ च्या नोव्हेंबरात दूरचित्रवाणी संचांवर एव्ही-१ सुरू केले. २०२३ साली ॲपलच्या फोनमध्येही त्यासाठीची चकती आली. महासाथीच्या पहिल्या महिन्यांत, एप्रिल २०२० मध्ये, गूगलने आपल्या चित्रफोनात ते आणण्याचे जाहीर केले, कारण क्षीण जोडणीवरही समोरच्याचा चेहरा ओळखू यावा. त्या दिवसांत गावी अडकलेल्या माणसाला घरच्यांचा चेहरा दिसणे म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगायला नको.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे; एकतर्फी इतिहास सांगणे मला आवडत नाही. पहिले म्हणणे असे की, संशोधनाला पैसा लागतो, आणि फळ फुकट वाटले तर संशोधक जगेल कसा? हे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. राबणाऱ्याला दाम मिळालेच पाहिजे. परंतु मी विचारतो, पेटंटाची जकात जाते कोणाच्या खिशात? बहुतेक पेटंटे कंपनीच्या नावावर असतात. ज्याच्या डोक्यातून युक्ती निघाली त्याला पगार मिळालेला असतो आणि हक्क नोकरीच्या करारातच लिहून घेतलेला असतो. अहमद यांनी तो उन्हाळा काढला तो जकातीच्या आशेवर नव्हे. दाम आणि जकात या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि जकातीच्या समर्थनासाठी दामाचे नाव घेणे मला मान्य नाही.

दुसरे म्हणणे अधिक जड आहे. आघाडीच्या परवान्यात एक कलम आहे. रीत कोणीही विनामूल्य वापरावी. पण जो या रीतीबद्दल दुसऱ्यावर पेटंटाचा दावा ठोकील, त्याचा स्वतःचा परवाना संपतो. आमच्या भाषेत, जो संप फोडील त्याला संघटनेचे संरक्षण नाही. युरोपीय आयोगाने २०२२ साली प्राथमिक चौकशी केली ती याच बाबतीत. बलाढ्य कंपन्या एकत्र येऊन लहान संशोधकाला आपला हक्क फुकट द्यायला भाग पाडतात काय, हा प्रश्न होता. २०२३ च्या मे महिन्यात ती चौकशी बंद झाली. परंतु वर्तन कायदेशीर की बेकायदेशीर, असा कोणताच निवाडा आयोगाने दिला नाही. दरम्यान २०१९ साली सिस्वेल या कंपनीने एव्ही-१ वरही आपल्या गोटातील पेटंटे लागू होतात असे सांगून दरपत्रक जाहीर केले होते. म्हणजे नाका पाडला असे म्हणावे, तर थोड्या अंतरावर कोणीतरी पुन्हा बांबू आडवा टाकतोच.

तिसरी गोष्ट कोणी विरोधक म्हणत नाही, म्हणून मीच म्हणतो. रस्ता मुक्त झाला. पण रस्त्यावरच्या मोठ्या गाड्या कोणाच्या? ज्यांनी तो बांधला त्यांच्याच. जकात वाचली ती प्रथम त्यांची वाचली. तारेतला माल कमी झाला त्याचा नफाही प्रथम त्यांनाच. आपण काय पाहावे आणि कोणाच्या जाहिरातीमागून पाहावे, हे पूर्वीइतकेच त्यांच्या हाती आहे. म्हणून एव्ही-१ म्हणजे जनतेचे राज्य आले, असे मी म्हणणार नाही. तथापि एक गोष्ट निर्विवाद बदलली. उद्या एखाद्या तालुक्याच्या गावातल्या चार पोरांनी आपले व्याख्यान, आपले नाटक, आपला मोर्चा जगाला दाखवण्यासाठी स्वतःचे यंत्र उभारले, तर जी रीत नेटफ्लिक्स वापरते तीच, तितकीच चांगली, आघाडीतल्या कोणाचाही परवाना विकत न घेता त्यांना वापरता येईल. गाडी लहान असेल, पण रूळ तेच असतील. हा हक्क लहान नाही.

आणि हा हक्क कोणी दान दिलेला नाही, हे मला शेवटी सांगायचे आहे. २००१ पासून २०१५ पर्यंत मूठभर माणसे एक दुय्यम दर्जाची मुक्त रीत खांद्यावर घेऊन उभी होती. त्यांची चेष्टा झाली; त्यांचे नाव मसुद्यातून पुसले गेले; त्यांच्या संस्थेला माघार घ्यावी लागली. परंतु ती उभी राहिली म्हणून, मोठ्यांना आघाडीची गरज भासली त्या दिवशी, मुक्त रीत करण्याची विद्या जिवंत होती, माणसे तयार होती आणि जकातीवाचून रस्ता होऊ शकतो हा विश्वासही शिल्लक होता. नुसत्या मोठ्यांच्या पैशाने हे झाले नसते, कारण पैसा त्यांच्याकडे आधीही होता. नुसत्या लहानांच्या निष्ठेनेही झाले नसते; ते चौदा वर्षांत दिसून आले. दोन्ही एका टेबलाशी आले, करार लिहिला गेला, आणि करार मोडणाऱ्यासाठी कलम घातले गेले, तेव्हा झाले.

माझ्या धंद्याचा अनुभव असा की, करार सही झाल्या दिवशी जिंकला जात नाही. तो रोज पाळून घ्यावा लागतो. ज्या दिवशी टेबलाशी बसलेल्यांपैकी एखाद्याला वाटेल की, आता आपणच नाका बांधलेला बरा, त्या दिवशी या कराराची खरी परीक्षा होईल. त्या वेळी कोणीतरी खालून ओरडणारे असले पाहिजे. ओरडायचे तर काय चालले आहे हे आधी समजले पाहिजे. आजचे व्याख्यान मी त्याच हेतूने दिले.